रेडिओचं तोंड गल्लीकडं

आई, तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून भिंतीला हात लावतेस का? अप्पांचा खोकला बसला का? कारखान्यातली ती लोखंडाची भुकटी छातीतून निघाली असेल आता, की अजून पहाटे उठून बसतात? थोरल्या मामाच्या डोळ्याला दिसायला लागलं का? आत्याची साखर कशी आहे, चोरून गूळ खाते का अजून? आणि माझा तो पाळण्यातच गेलेला भाऊ, त्याला चालता येतं का गं आता?

तू म्हणशील, काय खुळ्यासारखं विचारतीस. आपल्यात स्वर्ग-बिर्ग मानत नाहीत, हे तूच मला शिकवलंस. विहारातून परत येताना सांगायचीस, गेलं माणूस की गेलं, मागं राहतं ते त्यानं केलेलं. मला ते पटलेलं आहे. पण पत्राची सुरुवात अशी करायची हेही तुझंच. तुला अक्षर येत नव्हतं, म्हणून मिरजेच्या मावशीला पत्र लिहायचं असलं की तू खिडकीखाली जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची कौदी शिवत सांगायचीस आणि मी पालथी पडून पोस्टकार्डावर उतरवून घ्यायची. कार्डाची एक बाजू नुसती तब्येती विचारण्यात भरायची. मी कुरकुरले की म्हणायचीस, "आधी माणसं लिही, मग बातमी." तर माणसं झाली. आता बातमी ऐक, आणि सुई हातात असेल तर बाजूला ठेव, टोचून घेशील.

तुझ्या लेकीनं रेडिओ काढलाय! घेतला नाही गं, काढलाय. आपलं स्टेशन. सातवीत शाळा सुटलेली, जन्मभर लोकांचे ब्लाउज शिवलेली ही बाई आता संध्याकाळी माईकसमोर बसते आणि माणसं ऐकतात. इथं हुबळीत ऐकतात, धारवाडला सप्तापुरात खोल्या घेऊन राहिलेली पोरं ऐकतात, आपल्या गल्लीतून लग्न होऊन लांब गेलेल्या मुली ऐकतात. याला ना मनोरा लागतो, ना मोठी इमारत. इंटरनेट म्हणून एक प्रकार आहे, तो कसा चालतो हे मला धड सांगता यायचं नाही, पण वापरता येतो. मोबाइलवर एक लिंक दाबली की मी बोलायला लागते. केशवापुरातल्या आमच्या माडीवरच्या आतल्या खोलीत शिवणयंत्र भिंतीला सरकवलं आणि त्याच्याच फळीवर माईक ठेवला. पहिल्यांदा बोलून बघितलं तर आवाज असा घुमला, जसं कुणी विहिरीत तोंड घालून बोलतंय. मी व्हिडिओ बघूनच सगळं शिकले, त्यात तो माणूस सांगत होता की भिंतींना अमुक जातीचा फोम लावा. कुठला फोम आणि कुठलं काय! ट्रंक उघडली, तुझ्या हातच्या कौद्या काढल्या आणि चारी भिंतींवर टांगल्या. तो अप्पांच्या खाकी विजारींचा तुकडा लावलेला, तो माझ्या शाळेच्या निळ्या स्कर्टचा, सगळे जिथल्या तिथं. घुमणं गप्पकन थांबलं. स्टेशनला नाव काय द्यायचं म्हणून तोवर डोकं खाजवत होते, ते तिथंच मिळालं. नाव ठेवलं 'कौदी'.

हे कसं सुचलं विचारशील तर पाण्यामुळं. तुझ्या वेळचा नळ बरा म्हणायचा, इतका आमचा लहरी आहे. कुठल्या गल्लीत कधी येईल ते त्या नळालाच ठाऊक. सकाळी माणसं एकमेकांना नमस्कार करत नाहीत, "नळा बंतेन्री?" म्हणतात, नळ आला का. तर आमच्या बायकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, त्यात सगळ्या हेच विचारायच्या. मला त्या काचेवर बोटं चोपायचा कंटाळा, म्हणून मी बोलून पाठवायला लागले. अमक्या गल्लीत आला, तमक्या गल्लीत अजून नाही, घागरी रिकाम्या करून ठेवा, आणि कोपऱ्यावरच्या बाईंनी कालचं पाणी झाडांना घातलं असेल तर त्यांनी आज माझ्याकडं मागू नये. बायका हसायच्या. हळूहळू नळ येऊन गेला तरी विचारायला लागल्या, "अक्का, आज तुमची बातमी नाही?" मग मी कधी एखादी ओवी म्हणायची, कधी शेजारीण तिच्या माहेरचं कन्नड लग्नाचं गाणं म्हणायची. त्यातच एकजण म्हणाली, "अक्का, तुम्ही रेडिओच काढा की." थट्टेत म्हणाली ती. मला मात्र रात्रभर झोप नाही.

बंगळूरहून लेक म्हणाली, "आई, कशाला हा उपद्व्याप? या वयात पाय पसरून आरामात बस." तुझे जावई मात्र एकदम तयार. जन्मभर सिटी बसमध्ये कंडक्टरकी केली, गर्दीशी बोलायची खोड गेलेली नाही. पण पहिल्या दिवशी त्यांनीच माझी हवा काढली. मी छान इस्त्रीची साडी नेसले, घसा खाकरला आणि तू नेहमी सांगायचीस तसं एकदम शुद्ध बोलायला लागले. "श्रोतेहो, आजच्या या मंगलप्रसंगी" वगैरे. दाराशी उभे राहून हे म्हणतात, "कोण गेलं गं?"

"कोण कशाला जाईल?"

"नाही, शोकसभा चाललीय वाटलं. नळाचं सांगतीस तसं बोल की! आपली ती नेहमीची बाई कुठं गेली?"

लटका राग आला मला, पण खरंच होतं. तेव्हापासून मी मराठी सुरू करते, मधेच कन्नडात शिरते, आणि परत कधी आले ते माझं मलाच कळत नाही. आपल्या जुन्या रेडिओला काटा होता, आठवतो? एका जागी धारवाडचं कन्नड, आणि नखभर सरकवला की कुठलं तरी मराठी, मधे नुसती खरखर. माझ्या रेडिओत खरखर नाही, दोन्ही एकाच जागी लागतात. आणि दुसऱ्यांची गाणी लावायला परवानगी लागते म्हणून आम्ही आमचीच म्हणतो. भीमजयंतीची, डोहाळजेवणाची, खळ्यावर राशीच्या वेळची कन्नड पदं. एका बाईचा सूर असा वर जातो की कौद्या नसत्या तर छप्पर गेलं असतं.

त्या जुन्या रेडिओची गोष्ट मी पहिल्याच दिवशी सांगितली. अप्पांनी आणला तेव्हा तुम्ही दोघांनी त्याची जागा ठरवली नाही, तू एकटीनं ठरवलीस. खिडकीत. आणि तोंड गल्लीकडं! अप्पा म्हणाले, "अगं, ऐकायचंय आपल्याला." तू म्हणालीस, "आपल्याला मागनंबी ऐकू येतंय." दिवा पिवळा व्हायचा, आतल्या काचा तापायच्या, मग कुठं आवाज यायचा, आणि तोवर समोरच्या कट्ट्यावर, पायऱ्यांवर, कडुनिंबाखाली माणसं येऊन बसलेली असायची. आपल्या घरात पाय टाकायला काहीजणांना अडचण वाटायची. तू ते कधी बोलून दाखवलं नाहीस. त्यांनी यावं म्हणून थांबलीही नाहीस. रेडिओचं तोंड तेवढं बाहेर केलंस आणि खाली बसून टाके घालत राहिलीस. तुझा दोरा संपला की कळायचं, शेतकऱ्यांचा कार्यक्रम संपला. दुसरा संपला की बातम्या.

एकदा मी समोरच्या घरी पाणी मागितलं होतं, तर तिथल्या सासूबाईंनी पायरीखाली उभं करून वरून ओंजळीत ओतलं. घरी आले आणि तणतणत रेडिओ फिरवला, तोंड आत केलं. म्हटलं, बसा आता तिकडं कान लावून. तू सुई कापडात खोचलीस, उठलीस, रेडिओ होता तसा केलास आणि मला म्हणालीस, "त्यांनी दार लावलं म्हणून आपण खिडकी लावायची व्हय गं?" दुसरं काही नाही. मला तेव्हा वाटलं, माझी बाजू घेणारं जगात कुणी नाही. जेवायला बसले नाही मी त्या दिवशी. तू ताटात भाकरी झाकून ठेवलीस आणि ती गार झाल्यावर मी खाल्ली, आठवतं?

त्याच घरातली ती नवी सून. समोरच्या अक्का. कन्नडशिवाय शब्द येत नव्हता तिला, आणि तुला कन्नड यायचं ते बाजारापुरतं. रोज संध्याकाळी उंबऱ्याच्या आत उभी राहून नाटक ऐकायची. एका दिवशी नाटकाचा शेवटचा भाग होता आणि नेमकी गल्लीतून कुणाची तरी वरात आली, ढोल, ताशे, पिपाण्या. नाटकातली ती बाई आता नवऱ्याला काय सांगणार, तेवढ्यात ढोल! अक्का आधी पायरीवर आली. मग गल्लीच्या मधोमध. मग आपल्या खिडकीशी, गजाला कान लावून. आणि मग एकदम दारातून आत येऊन तुझ्या कौदीवरच बसली, अर्ध्या शिवलेल्या. मी तोंड उघडलं तशी तू मला डोळ्यांनी गप्प केलंस. नाटक संपलं, ती डोळे पुसत होती, तू चहा पुढं केलास. ती प्याली. दुसऱ्या दिवसापासून चुलीशी तेवढा एक कप जास्त दिसायला लागला. तिनं तुला कन्नड शिकवलं, तू तिला टाका शिकवलास, आणि दोघी मिळून कुणाकुणाच्या उखाळ्या-पाखाळ्या काढायचात ते मी इथं लिहीत नाही.

आता खरं सांगते, या रेडिओत माझा जीव कशात अडकला होता. अक्कांत. त्या आता कलघटगीला मुलाकडं असतात, अंथरुणावर. त्यांचं डोकं जागेवर आहे म्हणतात, पण ते मोठं दुखणं झाल्यापासून बोलायच्याच थांबल्या. आई, तुझा फोटो आहे माझ्याकडं, आवाज नाही. तुझा आवाज आठवणारं, तुझ्या खिडकीशी बसलेलं माणूस आता ते एकच उरलं. मला वाटायचं, त्यांनी एकदा तरी हे ऐकावं. त्यांच्या कानावर पडलं म्हणजे तुझ्याकडं पोचलं. हे काही विहारात सांगण्यासारखं नाही, पण वाटायचं.

पहिल्या प्रसारणाच्या दिवशी त्यांच्या सुनेला फोन करून सगळं समजावलं. कोणती लिंक, कुठं दाबायचं. इकडं मी बोलतेय, बोलतेय, पडद्यावर ऐकणाऱ्यांचा आकडा दिसतो तो बघतेय. आकडा होता एक! मी हरखले, म्हटलं अक्का! जीव ओतून गाणं म्हटलं. संपल्यावर बाहेर आले तर हे सोफ्यावर मोबाइल कानाला लावून बसलेले. "तिकीट काढून ऐकलं बरं का," म्हणाले. कलघटगीत वीज गेली होती.

पुढच्या वेळेला वीज होती, नेटवर्क होतं, ऐकणारेही बरेच वाढले होते. संपल्या संपल्या सुनेचा फोन. बिचारी कन्नडात चाचरत सांगायला लागली की तिनं मोबाइल अगदी अव्वांच्या, म्हणजे सासूबाईंच्या, कानाशी धरला होता, पण त्यांनी हातानं ढकलला. पुन्हा धरला, पुन्हा ढकलला. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. त्यांना आता आवाज सोसत नसेल." मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि कौद्यांकडं बघत बसले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की लेकीचं ऐकायला हवं होतं.

तुझ्या जावयांनी मला दोन दिवस तसंच राहू दिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तू जाऊन ये. समोर बसून ऐकव."

"मी तिकडं गेले तर इथं बोलणार कोण?"

"मी आहे की! चाळीस माणसांच्या गाडीत शंभर भरून आवाज दिलाय मी."

तर कलघटगीच्या बसमध्ये बसले. अक्कांच्या उशाशी जाऊन बसले. एवढीशी झालीय, चादरीखाली आहे की नाही कळत नाही. पण मला बघितलं आणि डोळे हलले. मी हात हातात घेतला. बोटावर अजून तो घट्टा आहे, सुईच्या मागच्या टोकाचा, तू शिकवलेल्या टाक्याचा. वेळ झाली, मी लिंक लावली. आणि आमच्या घरातून जो आवाज आला! "केशवापूर, केशवापूर! हं, सावकाश. आतल्या गल्लीत पाणी आलंय, मागच्यांनी पुढं सरकावं!" माझी हसून हसून पुरेवाट. सूनही पदर तोंडाला लावून हसतेय. मी मोबाइल अक्कांच्या कानाशी नेला.

त्यांनी ढकलला.

मी तशीच बसले, हातात मोबाइल धरून. सून हळूच म्हणाली, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" पण अक्कांचा हात खाली आला नव्हता. तो तसाच वर, माझ्या अंगावरून पलीकडं जाणारा. मी वळून बघितलं. पलीकडं खिडकी होती, पडदा ओढलेली. आई, मला तुझी खिडकी आठवली. उठले, पडदा सरकवला, खिडकी उघडली आणि मोबाइल गजाला टेकवून ठेवला. तोंड बाहेर. गल्लीकडं.

आवाज आमच्याकडं मागून यायला लागला, थोडा बारीक, थोडा लांबून, तुझ्या खिडकीखाली यायचा तसाच. हे नळाचं संपवून आता गाणाऱ्या बाईला बोलावत होते. तिचा सूर वर चढला. बाहेर कोथिंबिरीची पाटी घेऊन चाललेली एक बाई थांबली, पाटी कमरेवर सरकवून आत डोकवायला लागली. अक्कांनी हात खाली घेतला, डोळे मिटले आणि अगदी स्पष्ट बोलल्या, "ईग केळस्तद नोड." आता ऐकू येतंय बघ. सुनेच्या हातून पाण्याचा पेला निसटायचा राहिला. सुनेनं चहा आणला तो आम्ही दोघींनी घेतला, त्यांनी चमच्या चमच्यानं, मी भसाभस.

परत येताना बसमध्ये मला उड्या माराव्याशा वाटत होत्या. या वयात! घरी आल्या आल्या ह्यांना सगळं सांगितलं, तर म्हणतात, "माझ्या आवाजानं बोलल्या त्या, तुझ्या नाही. यापुढं मीच बोलणार." भांडण झालं आमचं, सुखाचं. आता मी रोज सुरुवातीलाच सांगते: मोबाइल कानाला लावून बसू नका, खिडकीत ठेवा, तोंड बाहेर करा. काही लोक हसतात. काही खरंच ठेवतात. परवा भाजी आणायला गेले तर दोन घरांच्या खिडक्यांतून माझाच आवाज येत होता, एक जरा पुढं, एक जरा मागं, मी दोघींच्या मधे पिशवी घेऊन उभी. संध्याकाळचं बोलणं ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी पुन्हा लावतो आम्ही, म्हणून गं. घाबरू नकोस. तिकडं अक्काही रोज ऐकतात. सून सांगते, अजून फार बोलत नाहीत, पण वेळ झाली की खिडकीकडं बोट करतात आणि पडदा सरकवायला उशीर झाला तर रागावतात. रागावतात म्हणजे बरं आहे.

आता एवढंच. हे पत्र टपालात पडणार नाही, कुठला पत्ता लिहू? आणि पडलं तरी तुला वाचता कुठं येतं, कुणाचंही पत्र आलं तरी मीच वाचून दाखवायची. म्हणून ठरवलं होतं की श्रोत्यांची पत्रं वाचतो त्या दिवशी मधेच हे वाचून टाकायचं, कुणाचं म्हणून सांगायचंही नाही. काल वाचायला घेतलं. 'आई' म्हटलं, आणि 'तुझे गुडघे'पर्यंत सुद्धा जाता आलं नाही. शेवटी बटण बंद केलं, आणि परत सुरू केल्यावर सगळ्यांना सांगितलं, नेटवर्क गेलं होतं. सगळ्यांनी विश्वास ठेवला. ह्यांनी नाही ठेवला, पण चहा करून आणला.

म्हणून हे शिवणयंत्राच्या खणात ठेवते, रिळांखाली. तू मात्र उत्तराला उशीर लावू नकोस. पूर्वीसारखं तू सांग, मी लिहून घेते.